व्होडका समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्होडकाला ना रंग, ना वास, ना चव. मग तिच्यात समजून घेण्यासारखं असतं तरी काय? मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. व्हिस्कीला लाकडी पिंप सांभाळून घेतं, जिनला जुनिपरची फळं, रमला मळीचा गोडवा. व्होडकाच्या मदतीला असं कोणी येत नाही. धान्य कसं होतं, भट्टीवरच्या माणसाने धार कुठे तोडली, पाणी कुठलं वापरलं, सगळं उघडं पडतं. म्हणूनच मला ती आवडते, आणि म्हणूनच तिच्याबद्दलचे गैरसमज मला खटकतात.

व्होडका म्हणजे नेमकं काय?

धान्य, बटाटा, फळ, मळी अशा कुठल्याही शेतमालातली साखर आंबवायची, त्यातून तयार झालेला मद्यार्क तापवून, वाफ करून, पुन्हा थंड करून जवळजवळ शुद्ध होईपर्यंत वेगळा काढायचा आणि मग पाणी घालून पिण्याजोग्या तीव्रतेवर आणायचा. झाली व्होडका. पिंपात मुरवण्याची अट नाही, त्यामुळे आज काढलेली थोड्याच दिवसांत बाटलीत भरता येते.

नाव आलं स्लाव्ह भाषांतल्या 'वोदा' या शब्दावरून. वोदा म्हणजे पाणी, आणि व्होडका हे त्याचं लाडाचं, लहान रूप. आपलं 'उदक' आणि हे 'वोदा' एकाच मूळ धातूची लेकरं आहेत, हे कळल्यापासून मला हा शब्द परका वाटत नाही.

कायद्याची व्याख्या देशागणिक बदलते. युरोपीय संघात बाटलीतली तीव्रता निदान 37.5 टक्के लागते, अमेरिकेत 40. अमेरिकेत व्होडकासाठीचं स्पिरिट, म्हणजे पाणी घालण्याआधीचा मद्यार्क, निदान 95 टक्के तीव्रतेपर्यंत काढावं लागतं, तर युरोपात त्यासाठीचा मूळ मद्यार्क निदान 96 टक्क्यांचा असतो.

ती मूळची रशियाची की पोलंडची?

दोन्ही देश आपलीच म्हणतात. पोलंडमधल्या सांदोमिएश इथल्या न्यायालयाच्या 1405 सालच्या नोंदींत हा शब्द सापडतो. पण त्या काळी या नावाने औषधी अर्क ओळखले जात. आज आपण जी स्वच्छ, पारदर्शक व्होडका पितो ती खूप नंतरची. ती 19व्या शतकात नवी यंत्रं आल्यावर शक्य झाली. माझ्या मते या वादातून ग्लासातल्या द्रवाबद्दल फारसं काही कळत नाही.

व्होडका बटाट्याचीच असते ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. जगातली बहुतेक व्होडका धान्यापासून बनते. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. तो युरोपात पोहोचला आणि शेतांत रुजला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे धान्याचं मद्य काढलं जात होतं.

बटाट्याची व्होडका कमी दिसते, कारण ती करणं जिकिरीचं आहे. बटाट्यात स्टार्च साधारण 15 ते 20 टक्के, बाकी बहुतेक पाणीच. गव्हात तो 60 टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे एक लिटर शुद्ध मद्यार्कासाठी धान्य 2.5 ते 3 किलो पुरतं, तिथे बटाटे 8 ते 10 किलो लागतात. शिवाय धान्य कोठारात वर्षभर टिकतं, बटाटा सडतो, त्याला कोंब फुटतात. एवढं करूनही काही जण बटाट्यालाच धरून राहतात, कारण त्याच्या व्होडकाला जिभेवर जो भरीवपणा असतो तो इतर कशातून सहजी येत नाही. पोलंडच्या लुक्सुसोवा आणि शोपँ या दोन्ही नावांची बटाट्याची व्होडका त्यासाठीच ओळखली जाते.

पण एवढं शुद्ध केल्यावर मूळ पिकाची चव उरते कुठे?

थोडीशीच उरते, पण उरते. 96 टक्के मद्यार्क काढला तरी सूक्ष्म प्रमाणात काही संयुगं सोबत येतातच, आणि आपलं नाक फार संवेदनशील असतं.

रायची व्होडका सगळ्यात बोलकी. राय म्हणजे मोहरी नव्हे, हे गव्हाच्या कुळातलं थंड प्रदेशात येणारं धान्य आहे. तिच्या व्होडकात मिरीसारखा तिखट झणका असतो आणि मागे भाजलेल्या काळ्या पावाचा वास रेंगाळतो. पोलंडची बेल्वेडेर रायची. गव्हाची मऊ, स्वच्छ, कधी किंचित बडीशेपेकडे झुकणारी. स्वीडनची अ‍ॅब्सोल्यूट आणि फ्रान्सची ग्रे गूस गव्हाच्या. मक्याची गोडसर, लोण्यासारखी. टेक्सासची टिटोज मक्याची. जवाची जरा कोरडी आणि हलकी, फिनलंडिया जवाची. फ्रान्समध्ये सिरॉक द्राक्षांपासून बनते आणि तिला फळाची पुसटशी झाक असते. चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यापासूनही व्होडका काढतात, कारण त्यातली दुधाची साखर आंबवता येते.

यावरूनच युरोपात मोठा वाद झाला होता. पोलंड, फिनलंड, स्वीडन यांसारख्या जुन्या व्होडका-देशांचं म्हणणं होतं की द्राक्षाच्या मद्याला व्होडका म्हणूच नये. शेवटी तडजोड झाली. धान्य किंवा बटाटा सोडून दुसरं काही वापरलं असेल, तर ते कशापासून बनवलं आहे हे बाटलीवर लिहायचं. पोलंडने मात्र स्वतःपुरता नियम कडक ठेवला. 2013 पासून 'पोलिश व्होडका' हे नाव लावायचं असेल तर पोलंडमध्येच पिकलेली राय, गहू, जव, ओट, ट्रिटिकेल (गहू आणि राय यांचा संकर) किंवा बटाटाच हवा, आणि सगळी प्रक्रियाही तिथेच व्हायला हवी.

ती बनते कशी?

धान्य दळून गरम पाण्यात शिजवतात. स्टार्च यीस्टला थेट खाता येत नाही, म्हणून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किंवा एन्झाइम घालून त्याची साखर करून घेतात. मग यीस्ट. काही दिवसांत 8-10 टक्क्यांचं, बिअरसारखं आंबट-आंबूस पाणी तयार होतं. इथवर सगळं कुठल्याही धान्याच्या मद्यासारखंच. खरं काम पुढे.

शुद्ध मद्यार्क 78.4 अंश सेल्सियसला उकळतो, पाणी 100 ला. या फरकावर सगळा खेळ चालतो. पण आंबवलेल्या पाण्यात मद्यार्काबरोबर आणखी बरंच काही असतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असे हलके पदार्थ आधी उडून येतात. त्यांना नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा उग्र वास असतो. शेवटी येतात ते जड अल्कोहोल, ज्यांना फ्युजेल ऑइल म्हणतात. त्यांचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा, तेलकट. हवी असते ती मधली धार.

इथे मला मुद्दाम सांगायचं आहे. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हा कौतुकाचा शब्द आहे. नीट चालणाऱ्या डिस्टिलरीत मात्र पहिली धार बाजूला काढतात, कारण नको ते सगळं त्यातच एकवटलेलं असतं. पहिली धार कधी थांबवायची आणि शेवटची कधी सुरू झाली हे ओळखणं हीच भट्टीवरच्या माणसाची कसोटी. लोभापायी मधली धार दोन्हीकडून थोडी रुंद केली की माल वाढतो आणि प्यायल्यावर घसा खरवडतो.

मोठ्या कारखान्यांत हे काम उंच स्तंभात अखंड चालतं. आयर्लंडच्या ईनियस कॉफी या अबकारी अधिकाऱ्याने 1830 मध्ये अशा स्तंभाचं पेटंट घेतलं आणि चित्र पालटलं. स्तंभात एकावर एक छिद्रांच्या ताटल्या असतात. वाफ वर चढताना प्रत्येक ताटलीवर थोडी थंड होते, थोडी पुन्हा उकळते, आणि दर टप्प्याला शुद्ध होत जाते. हलके पदार्थ माथ्यावरून काढतात, फ्युजेल ऑइल मधूनच बाजूला काढतात. तरी साध्या ऊर्ध्वपातनाने साधारण 97 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. त्या तीव्रतेला मद्यार्क आणि पाणी एकत्रच उकळू लागतात.

'पाच वेळा डिस्टिल्ड' म्हणजे जास्त चांगली का?

या आकड्याला मी महत्त्व देत नाही. चाळीस ताटल्यांच्या स्तंभातून एकदा काढलेलं मद्य साध्या भांड्यातून पाचदा काढलेल्यापेक्षा कितीतरी शुद्ध असतं, मग 'किती वेळा' मोजायचं कसं? प्रत्येक कारखाना आपल्या सोयीने मोजतो. शिवाय मूळ आंबवणच निष्काळजीपणे केलं असेल, तर पुन्हा पुन्हा काढून दोष फक्त झाकला जातो, आणि धान्याचा जो थोडा गंध होता तोही जातो.

कोळशातून, चांदीतून, लाव्हातून गाळल्याने काय होतं?

कोळशाचं काम खरं आहे. तोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवून दिलं की कोळसा द्रवातले रंग आणि वास धरून ठेवतो. थोड्याच काळात रशियात व्होडका कोळशातून जाऊ लागली. आजही बर्च लाकडाचा कोळसा वापरतात. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर नको असलेली संयुगं चिकटतात.

चांदी, सोनं, हिरे यांची जाहिरात जितकी मोठी, तितका परिणाम नसतो. आइसलंडची रेयका लाव्हा दगडांतून गाळतात. व्होडका चांगली आहे, पण श्रेय दगडाचं किती आणि उत्तम स्पिरिट-पाण्याचं किती, याचा विचार करावा. आणि अति गाळणं हाही दोषच आहे. सगळं काढून टाकलं की उरतो तो नुसता चटका.

पाण्याने फरक पडतो का?

खूप. 40 टक्क्यांच्या बाटलीत जवळजवळ 60 टक्के पाणीच असतं. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियमचे क्षार मद्यार्कात विरघळलेले राहत नाहीत आणि बाटलीत गढूळपणा किंवा पांढरे कण दिसतात. म्हणून बहुतेक जण पाण्यातले क्षार काढून घेतात. काही जण थोडे खनिज मुद्दाम ठेवतात, आणि ते जिभेला कळतं. अगदी निःक्षार पाण्याची व्होडका मला पोकळ लागते.

यातलीच एक गंमत: एक लिटर मद्यार्क आणि एक लिटर पाणी मिसळलं तर दोन लिटर होत नाही. साधारण 1.93 लिटर होतं आणि मिश्रण कोमट होतं. दोघांचे रेणू एकमेकांच्या फटींत जाऊन बसतात. म्हणून पाणी घाईने ओतत नाहीत, आणि मिसळल्यावर व्होडकाला काही दिवस विसावू देतात.

40 टक्के हे मेंडेलेयेव्हने ठरवलं, खरं का?

नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलेयेव्हने 1865 मध्ये मद्यार्क आणि पाण्याच्या संयोगावर प्रबंध लिहिला, एवढं खरं. त्यात पिण्याच्या व्होडकाची आदर्श तीव्रता वगैरे काही नाही. रशियात त्याआधी 'पोलुगार' नावाचं माप होतं. मद्य पेटवायचं आणि बरोबर अर्धं जळून अर्धं उरलं की ते योग्य. ती तीव्रता भरते साधारण 38.5 टक्के. 40 हा गोल आकडा आला तो करवसुलीच्या सोयीसाठी. पण ही दंतकथा इतकी लाडकी आहे की बाटल्यांवरूनही सांगितली जाते.

व्होडकाचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने दोन वृत्ती आहेत. एक पाश्चात्त्य: शक्य तितकी तटस्थ, कॉकटेलमध्ये मिसळून जाणारी. दुसरी पूर्व युरोपातली: धान्याची ओळख थोडी राखलेली, जेवणाबरोबर नुसतीच प्यायची. अमेरिकेच्या कायद्यात तर व्होडकाला 'वेगळं व्यक्तिमत्त्व, वास, चव वा रंग नसावा' असंच लिहिलेलं होतं. 2020 मध्ये ते वाक्य काढून टाकलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

रशियन बाटल्यांवर 'अल्फा', 'ल्युक्स', 'एक्स्ट्रा' असे शब्द दिसतात. ते वापरलेल्या स्पिरिटच्या शुद्धतेचे दर्जे आहेत, आणि अल्फा फक्त गहू, राय किंवा दोघांच्या मिश्रणाचं असतं. याशिवाय 'स्तारका' आहे, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली रायची व्होडका, रंगाने मधासारखी. व्होडका मुरवत नाहीत या नियमाला तो जुना आणि देखणा अपवाद.

फ्लेवर्ड व्होडका म्हणजे कमी प्रतीची का?

स्वाद देण्याची परंपरा तटस्थ व्होडकापेक्षाही जुनी आहे. कच्च्या मद्याचा उग्रपणा झाकायला लोक त्यात मध, मिरची, फळं, मुळ्या मुरवत. पोलंडची झुब्रुव्का याचं सुंदर उदाहरण: ब्याउओव्हिएझाच्या जंगलाजवळचं सुगंधी बायसन गवत तिच्यात मुरवतात आणि प्रत्येक बाटलीत एक पातं उभं असतं. त्या गवतातल्या कूमारिन या सुगंधी द्रव्यामुळे तिला नुकत्याच कापलेल्या गवताचा आणि व्हॅनिलाचा वास येतो. अमेरिकेत कूमारिन अन्नात घालायला 1954 पासून बंदी आहे, म्हणून तिथे जाणारी वेगळी बनवावी लागते.

मुरवलेला स्वाद आणि ओतलेला स्वाद यातला फरक मात्र मोठा. एकदा मी हिरव्या सफरचंदाची म्हणून एक बाटली आणली; झाकण उघडताच खोकल्याच्या गोळ्यांचा वास खोलीभर. घरी करायची असेल तर लिंबाची साल घ्या, फक्त पिवळा भाग, पांढरा कडवट भाग सोलून टाका. साध्या व्होडकात दोन दिवस ठेवा आणि गाळा. तिसऱ्या दिवशी सालीचा कडूपणा व्होडकात यायला लागतो.

साध्या व्होडकात साखर असते का?

असू शकते. युरोपात लिटरमागे 8 ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो, अमेरिकेत 2 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल. जिभेवर 'मऊ' वाटणारी प्रत्येक व्होडका मऊ धारेची असतेच असं नाही.

चांगली व्होडका ओळखायची कशी? महाग म्हणजे चांगली का?

किमतीत काचेची बाटली, जाहिरात आणि कर यांचा वाटा फार मोठा असतो. किमतीवरून दर्जा सांगता येत नाही. नाकाने सांगता येतो.

मी असं करते. तीन सारखे छोटे ग्लास घेते, खाली कागदावर आकडे लिहून चिकटवते आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगते. व्होडका खोलीच्या तापमानाची, प्रत्येकी दोन चमचे. आधी नाक ग्लासात न खुपसता थोडं दुरून हुंगायचं. नेलपॉलिशचा वास आला तर पहिली धार नीट तोडलेली नाही. ओला पुठ्ठा किंवा तेलकटपणा आला तर शेवटची. मग तेवढंच पाणी घालायचं. तीव्रता 20 टक्क्यांवर आली की मद्यार्काचा चटका मागे हटतो आणि दडलेले दोषगुण पुढे येतात. मिश्रणकार स्पिरिट तपासताना असंच पाणी घालून तपासतात. मग घोट. चांगल्या व्होडकाची ऊब छातीत पसरते, वाईट घशातच ओरखडते. शेवटी ग्लास रिकामा करून दहा मिनिटांनी परत हुंगायचा. मद्यार्क उडून गेलेला असतो. रायच्या ग्लासात मला तेव्हा पावाचं कवच आठवतं, बटाट्याच्या ग्लासात गार, साईसारखं काहीतरी. वाईट व्होडकाचा रिकामा ग्लास आंबूस असतो.

फ्रीझरमध्ये ठेवावी का?

ठेवली तर बिघडत नाही. 40 टक्क्यांची व्होडका गोठायला उणे 27 अंशांच्या आसपास जावं लागतं, घरचा फ्रीझर साधारण उणे 18 चा. तिथे ती दाट होते, पाकासारखी संथ ओतली जाते, आणि ते बघायला छान वाटतं. पण थंडी चटक्याबरोबर सुगंधही दाबून टाकते. साधी असेल तर खुशाल गोठणथंड प्या. चांगल्या रायच्या किंवा बटाट्याच्या व्होडकाला फ्रीजमधला गारवा पुरे.

गव्हाच्या व्होडकात ग्लुटेन असतं का?

ग्लुटेन हे प्रथिन, आणि ते वाफेबरोबर वर येत नाही. नंतर घातलेल्या स्वादांत मात्र असू शकतं, तेव्हा फ्लेवर्ड बाटलीचं लेबल वाचा.

व्होडकाने हँगओव्हर होत नाही, आणि ती 'हलकी' असते, खरं का?

होतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) आणि व्होडकाची तुलना केली होती. बर्बनमध्ये कॉन्जिनर, म्हणजे मद्यार्काबरोबर येणारी इतर संयुगं, 37 पट होती आणि ती पिणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्रास जास्त जाणवला. पण लक्ष आणि प्रतिक्रिया दोन्ही गटांत सारख्याच घसरल्या होत्या. मुख्य दोषी मद्यार्कच. 30 मिलिलिटरमध्ये साधारण 65 कॅलरी असतात, त्याही मद्यार्काच्याच. शुद्ध आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही; मद्यार्क कर्करोगकारक आहे आणि त्याचं पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

बनावट दारूत माणसं दगावतात ती कशाने? घरी तपासता येतं का?

बहुतेक वेळा मिथेनॉलने. हा औद्योगिक अल्कोहोल दिसायला आणि वासाला नेहमीच्या मद्यार्कासारखाच. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. युरोपात व्होडकातल्या मिथेनॉलवर कडक मर्यादा आहे: 100 लिटर शुद्ध मद्यार्कात जास्तीत जास्त 10 ग्रॅम.

पेटवून ज्योतीचा रंग बघायचा, ही युक्ती विश्वासार्ह नाही. कोळशाची घरगुती गाळणीही मिथेनॉल काढत नाही. तुटलेलं सील, वाकडं लेबल, तळाशी गाळ, अविश्वसनीय स्वस्त भाव, यांतलं काहीही दिसलं तर ती बाटली घेऊ नका. प्यायल्यानंतर बारा ते चोवीस तासांनीही धूसर दिसणं, पोटात तीव्र दुखणं, धाप लागणं असं झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. तिथे यावर उतारा असतो आणि वेळेत मिळाला तर दृष्टी आणि जीव दोन्ही वाचतात.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

साधी व्होडका नासत नाही. झाकण घट्ट असेल आणि ऊन लागत नसेल तर वर्षभर सहज चांगली राहते. नंतर मद्यार्क हळूहळू उडतो आणि चव बसकी होते. फ्लेवर्ड मात्र काही महिन्यांत संपवावी, आणि घरी फळं मुरवलेली असेल तर गाळून फ्रीजमध्येच ठेवावी.